बाबांच्या ओव्या, जुना लॅपटॉप आणि लिनक्स

आमच्या घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे चौघं. २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम. सकाळी बटण दाबून मी कुकर लावायला जायचे; तिसरी शिट्टी झाली तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. त्यात विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता आम्हाला बंद. दुकानदार म्हणाला, "ताई, भंगारात द्या आणि नवा घ्या." मी दिला नाही. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आणि सांगलीच्या आमच्या घरात आजही तोच लॅपटॉप सकाळपासून रात्रीपर्यंत राबतोय.

प्रत्यक्ष लिनक्स टाकायला एक दुपार पुरली. तयारीला मात्र तीन आठवडे लागले, आणि सगळी मेहनत तिथेच होती.

आधी एक वही घ्या. घरातला कोण त्या मशीनवर नेमकं काय करतो ते आठवडाभर लिहून काढा. मी शिकवण्या घेते. माझं काम प्रश्नपत्रिका, पीडीएफ आणि छपाई. अकरावीतल्या मुलीचे ऑनलाइन वर्ग, फॉर्म भरणं, व्हिडिओ; हे सगळं ब्राउझरमध्ये, म्हणजे काळजी नाही. फायरफॉक्स मिंटमध्ये असतोच, क्रोमही टाकता येतो. नवरा दुकानाचा हिशेब टॅलीत ठेवतो. टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे. ते लिनक्सवर ओढूनताणून चालवायच्या फंदात मी पडले नाही, हिशेब दुकानातल्या कॉम्प्युटरवरच ठेवला. तुमच्या घरात डिजिटल सहीचा डोंगल, मॅक्रो भरलेल्या एक्सेलच्या फाइली किंवा फोटोशॉप रोजच्या वापरात असेल, तर हीच पायरी महत्त्वाची. ते काम कुठं होणार हे ठरल्याशिवाय पुढं जाऊ नका.

चौथे म्हणजे माझे सासरे. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. तासगावकडच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून ते वहीत उतरवतात आणि मग टाइप करतात. २००५ पासूनच्या १४० फाइली. ज्यांच्याकडून त्या ओव्या घेतल्या त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. वहीत बाबांच्या नावापुढं मी एवढंच लिहिलं: या फाइली उघडल्या नाहीत तर लिनक्स नाही.

मग बॅकअप. सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर लोक विसरतात. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्कही. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली उघडून बघा. उघडून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं नाही, असा माझा नियम आहे. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातले तुम्ही वापरता ते जुने मराठी फॉन्टही याच वेळी बाजूला काढा. ते का, हे पुढं येईल.

लिनक्सचे प्रकार ढिगानं आहेत आणि त्यातच माणूस अडकतो. विंडोजची सवय असलेल्या घरासाठी माझं मत सरळ मिंट. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळं बाबांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. मिंटचे तीन अवतार मिळतात: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन घ्या, ४ असेल तर एक्सएफसीई. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, आणि सगळं फुकट.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्खं मिंट एकाच फाइलीत, उतरवा. साधारण ३ जीबी भरते. साइटवर तिचा चेकसम (फाईल पूर्ण उतरली का हे पडताळायचा आकडा) दिलेला असतो, तो जुळतो का ते जरूर बघा, कारण मध्ये नेट तुटून फाईल खराब झाली तर ऐन वेळी घोळ होतो. मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि ती फाईल त्यावर सुरू होईल अशी चढवणारा विंडोजवरचा रुफस हा छोटा प्रोग्रॅम. रुफस पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसतो, म्हणून तो रिकामाच घ्या.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहायचं. कंपनीगणिक ती वेगळी: कुठं एफ१२, कुठं एफ९, कुठं एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच सुरू होतं. हार्डडिस्कला अजून हातही लागलेला नसतो. या अवस्थेत घाई करू नका. आम्ही आठ दिवस रोज तासभर असंच वापरलं. पेनड्राइव्हवरून ते संथ वाटतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे सगळं तपासा. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू करा. नेट मिळालं की 'ड्रायव्हर मॅनेजर' लागणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा सुचवतो. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरनं मात्र साफ नकार दिला. शेवटी छपाईसाठी मी पीडीएफ दुकानातल्या कॉम्प्युटरला पाठवते. नवा प्रिंटर घ्यायची वेळ आली तर लिनक्सवर चालतो का हे आधी विचारून घेणार आहे.

आणि बाबांच्या फाइली. पहिली उघडली तेव्हा पडद्यावर नुसते कंस, डॉलरच्या खुणा आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. बाबा माझ्या मागं उभे होते. काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले.

फाईल शाबूत होती. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधीचे आपले मराठी फॉन्ट, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या काळातले, वेगळ्या पद्धतीनं चालतात. त्यात 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षर किंवा एखादी खूणच असते. फॉन्ट फक्त त्या जागी 'क' काढून दाखवतो. फॉन्ट नाही तर 'क' नाही. बाजूला काढून ठेवलेल्या फॉन्टच्या फाइलीवर मी डबल क्लिक केलं, 'इन्स्टॉल' दाबलं, आणि लिब्रेऑफिस (मिंटमधला वर्डसारखा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा उघडलं. ओवी जशीच्या तशी उमटली. बाबांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "आता टाक तुझं ते लिनक्स." पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये केलेलं काही असेल तर ते विंडोज हाताशी असतानाच पीडीएफ करून ठेवा, नंतर फार अवघड जातं.

आता प्रत्यक्ष बसवणं. विंडोज पुसून त्या जागी लिनक्स टाकता येतं. विंडोज ठेवून शेजारीही टाकता येतं, पण आधी विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मी तिसरा मार्ग धरला आणि जुन्या लॅपटॉपला तोच सुचवेन. जुनी फिरती हार्डडिस्क काढून तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क, बसवली. जुनी डिस्क विंडोजसकट, होती तशी कपाटात. काही बिघडलंच तर चार स्क्रू उघडून ती परत लावायची. मनावरचं ओझं त्यानंच उतरलं, आणि वेग जो वाढला त्यात एसएसडीचा वाटा मोठा आहे हेही खरं.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू असताना डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं चिन्ह दिसतं. ते उघडलं की भाषा, कीबोर्ड, मग मल्टिमीडिया कोडेक्सची चौकट (तिच्यावर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत), मग डिस्कचा प्रश्न. इथं थांबून दोनदा वाचा. 'इरेज डिस्क' म्हणजे त्या डिस्कवरचं सगळं जाणार. माझी एसएसडी कोरी होती, म्हणून मी बेधडक तेच निवडलं. पुढं वेळेसाठी कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. पासवर्ड वहीत लिहा, सारखा लागतो. संपल्यावर पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू करायचं. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करा: 'अपडेट मॅनेजर' चालवा आणि 'टाइमशिफ्ट' लावून ठेवा. टाइमशिफ्ट सिस्टिमची आधीची अवस्था जपून ठेवतं आणि गडबड झाली तर तिथं परत नेतं. तुमच्या स्वतःच्या फाइली ते जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

मराठीची सोय मात्र निगुतीनं करा. सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड', त्यातला 'लेआउट' टॅब, तिथं सिस्टिमचीच मांडणी वापरायची खूण काढा आणि भारतीय भाषांच्या यादीतून मराठी निवडा. बाबांना इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी येते. 'के'वर क, 'एच'वर प, शिफ्ट धरून 'एन'वर ळ, सगळं जागच्या जागी. अडलं ते 'दुसऱ्या' या शब्दावर. साधा र, हलंत आणि य दाबला की रफार होऊन 'दुसर्या' उमटायचं, आणि बाबा प्रत्येक वेळी तो शब्द खोडायचे. उपाय असा: शिफ्ट धरून 'जे' (हा नुक्त्याचा ऱ), मग 'डी' म्हणजे हलंत, मग य. दुसऱ्या, वाऱ्या, तऱ्हा, सगळं ठीक येतं. मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलंय. मुलगी इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहिते. तिच्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि त्याचा एम१७एन हा संच घेतला, त्यात मराठीची फोनेटिक पद्धत आहे.

फॉन्ट म्हणून मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता किंवा आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका घ्या, दोन्ही मुक्त आहेत. आणखी एक: लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर ज्या फॉन्टांत मराठी वळणाची सोय आहे त्यांतही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. बाबांनी ते पहिल्याच पानावर हेरलं.

ओव्या आता एकेक करून युनिकोडमध्ये आणतोय. कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळं जोडाक्षराजवळ ती हमखास भलतीकडं जाते, रफाराचंही तेच. बाबा जुनी वही धरून मोठ्यानं वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवून दुरुस्त करते. रात्री जेवणं झाल्यावर दोन फाइली होतात. काल ८३ वी झाली. मूळ फाइली आम्ही पुसलेल्या नाहीत, त्या वेगळ्या फोल्डरात आहेत, जुना फॉन्टही त्यांच्या शेजारीच.