गोमुखासमोरची जमीन कशी वाचावी: हिमोढ, झुडपं आणि सरकती माती

हिमनदी जिथून आधी हटली तिथे झाडी दाट आणि जिथून अलीकडे हटली तिथे जमीन उघडी, हा सरधोपट हिशेब गंगोत्री हिमनदीसमोर वारंवार चुकतो. जमिनीच्या वयाइतकंच (म्हणजे बर्फ हटल्यापासूनच्या वर्षांइतकंच), बऱ्याचदा वयापेक्षा जास्त महत्त्व जमीन किती सरकते याला आहे. त्यामुळे नोंदी घेताना सुरुवात तिथूनच करा.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम: पाऊस ओसरलेला असतो आणि पानं अजून ओळखता येतात. सोबत ३० मीटरची टेप, १ मीटर लांबीच्या चार काठ्या, होकायंत्र आणि उतार मोजणारं मोबाइल ॲप घ्या. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतोच. दगड रंगवणं किंवा खोडाला छिद्र पाडणं यासाठी वेगळी लेखी परवानगी हवी.

आधी भूरूपांचं कच्चं रेखाटन करा: कडेचे उभे हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेल्या दगड-मातीचे बांध), त्यांच्या पायथ्याचे दगडांचे ढीग, भागीरथीचं वाळू-गोट्यांचं पात्र. चौकटी, म्हणजे आतल्या वनस्पती नोंदवण्यासाठी आखलेले चौरस, एकाच प्रकारच्या भूरूपावर टाका. नदीपात्रातली चौकट हिमोढाच्या उताराशी ताडून पाहिली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. छोट्या वनस्पतींना १ × १ मीटर पुरे, झुडपांना ५ × ५ घ्या. प्रत्येक ठिकाणी उतार, सगळ्यात मोठा दगड, बारीक मातीचं प्रमाण आणि हिरव्या आच्छादनाची टक्केवारी लिहा.

आता गुडघे टेकून एकच झुडूप नीट बघा, घाई करू नका. विलो किंवा मिरिकारियाच्या वरच्या अंगाला खडी आणि माती अडून छोटा बांध झाला आहे का? खालच्या अंगाला मुळं उघडी पडली आहेत का? खोड बुडाशी उताराच्या दिशेने झुकून मग वर वळलं असेल, तर झुडूप जगलं आणि जमीन सरकत राहिली. अडलेल्या मातीत ओल टिकते, तिथे पुढचं बी रुजतं, मुळांचं जाळं वाढतं आणि उतार आणखी मंदावतो. पण हे मध्यम वेगाच्या सरकण्यातच घडतं. दर पावसात ढासळणाऱ्या कड्यावर रोप मूळ धरण्याआधीच वाहून जातं. सी-बकथॉर्न हे काटेरी झुडूप दिसलं तर वेगळी नोंद करा: त्याच्या मुळांच्या गाठींतले फ्रँकिया जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, म्हणून निकस खडीतही ते तग धरतं.

चुका मुख्यतः वय ठरवताना होतात. भूर्जाच्या (भोजपत्राच्या झाडाच्या) खोडातली वार्षिक वलयं मोजून मिळतं ते जमिनीचं किमान वय. बर्फ हटल्यापासून बी रुजेपर्यंतची वर्षं त्यात नसतात. नमुना छातीच्या उंचीवर घेतला तर तिथवर वाढायला लागलेली वर्षंही निसटतात, म्हणून तो शक्य तितका बुडाशी घ्या. २०१७ च्या जुलैमध्ये मेरू हिमनदीच्या बाजूने आलेल्या लोंढ्याने गोमुखाजवळ प्रचंड राडारोडा टाकला. अशा थराचं वय त्या लोंढ्यापासून मोजायचं, हिमनदी हटल्यापासून नाही. गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाला तर नावच भोजपत्राच्या झाडांवरून पडलं, पण तिथली झाडं सरपणासाठी फार तुटली आणि पुढे काही भागांत मुद्दाम लावली गेली. कुंपणातली, ओळीतली, सारख्या उंचीची झाडं नोंदीतून वगळा.

चौकट पुन्हा सापडेल अशी लिहून ठेवा. अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे वनस्पती-अभ्यासक विल्यम कूपर यांनी १९१६ मध्ये आखलेले चौरस शंभर वर्षांनी शोधता आले, कारण त्यांनी दिशा आणि खुणा लिहून ठेवल्या होत्या. नुसत्या जीपीएसची चूक काही मीटरची असते, म्हणजे १ मीटरची चौकट हुकणारच. न हलणारे दोन मोठे खडक निवडा, दोन्हींपासूनचं अंतर आणि दिशा मोजा, आणि दरवर्षी त्यातल्याच एका खडकावरून, फोटोत तेवढाच भाग धरून फोटो काढा.

उतारावरचं काम सकाळी लवकर उरका. ऊन चढलं की रात्री गोठलेली माती सुटते आणि दगड गडगडू लागतात. गोमुखाच्या बर्फाच्या कमानीखाली मात्र कोणत्याही वेळी जाऊ नका.