ओतीव पंपाच्या सिम्युलेशनसाठी टर्ब्युलन्स मॉडेल कसे निवडावे

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाळूच्या साच्यातून निघालेल्या इम्पेलरवर (पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकावर) एकदा बोट फिरवून पाहावे आणि मगच संगणकापाशी बसावे. नदीचे पाणी उसाच्या मळ्यांपर्यंत चढवणाऱ्या पंपाचे गणित या खरखरीत पृष्ठभागापासून सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

टर्ब्युलन्स मॉडेल, म्हणजे पाण्यातील खळबळीचा अंदाज देणारी समीकरणे, म्हणून एसएसटी के-ओमेगा घ्यावे. मेंटर यांनी १९९४ मध्ये मांडलेले हे मॉडेल भिंतीजवळ के-ओमेगा आणि भिंतीपासून दूर के-एप्सिलॉन ही जुनी मॉडेल्स वापरते. त्यामुळे वाढत्या दाबापुढे प्रवाह पात्यापासून कुठे सुटतो, हे ते साध्या के-एप्सिलॉनपेक्षा चांगले दाखवते. मात्र फिरत्या इम्पेलरमध्ये जाणवणाऱ्या कोरिओलिस बलामुळे पात्याच्या दाबाच्या बाजूला खळबळ वाढते आणि चोषण बाजूला ती शमते, हा फरक ही दोन्ही मॉडेल्स मूळ रूपात ओळखत नाहीत. म्हणून स्पॅलार्ट आणि शूर यांच्या १९९७ च्या कामावर आधारित वक्रता-परिभ्रमण दुरुस्तीचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असल्यास तो सुरू करावा. रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल हे बदल अधिक थेटपणे हाताळते, परंतु त्याचे उत्तर स्थिरावणे कठीण असते. सुरुवात त्याने करू नये.

आता मेश, म्हणजे गणितासाठी प्रवाहाच्या जागेचे केलेले छोट्या पेशींचे जाळे. गुळगुळीत भिंतीसाठी वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या पेशीच्या अंतराचे एककरहित माप) १ ठेवायचा, तर पहिली पेशी काही मायक्रॉनची लागते. ओतीव लोखंडाचा समतुल्य खडबडीतपणा हस्तपुस्तिकांत सुमारे ०.२६ मिलिमीटर दिलेला असतो, म्हणजे तो त्या पेशीच्या कितीतरी पट मोठा आहे. अशा वेळी पातळ थरांवर संगणकाचा वेळ घालवण्यापेक्षा खडबडीतपणासह वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर न सोडवता त्याचा परिणाम देणारे सूत्र) वापरावे, वाय-प्लस ३० ते ३०० दरम्यान ठेवावा आणि पहिल्या पेशीचे केंद्र खडबडीतपणाच्या उंचीखाली जाऊ देऊ नये. इम्पेलरच्या पाठीमागची पोकळी आणि वेअर रिंगची (इम्पेलर आणि आवरण यांमधील गळती रोखणाऱ्या कड्याची) फटही मेशमध्ये घ्यावी. ती वगळली, तर चकतीचे घर्षण आणि गळती हिशेबात येत नाही.

सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूजवळ फ्रोझन रोटर (इम्पेलर एकाच कोनात थांबलेला धरून केलेले गणित) पुरतो, परंतु त्याचे उत्तर पाते व्होल्यूटच्या (पंपाच्या शंखाकार आवरणाच्या) जिभेसमोर कोणत्या कोनात थांबले आहे यावर बदलते, म्हणून तीन-चार कोनांची सरासरी घ्यावी. कमी डिस्चार्जला (पाण्याच्या प्रवाहाला) स्लायडिंग मेशच, म्हणजे इम्पेलरसोबत प्रत्यक्ष फिरणारा मेशच, हवा. मिनिटाला १४५० फेऱ्यांना एक फेरी सुमारे ०.०४१४ सेकंदाची होते आणि एक अंश फिरायला सुमारे ०.०००११५ सेकंद लागतो. हाच टाइम स्टेप (गणितातील प्रत्येक पावलाचा वेळ) ठेवावा आणि हेडची (पंप पाणी किती उंच चढवू शकतो त्या उंचीची) चढउतार दर फेरीला सारखी होईपर्यंतच्या फेऱ्या हिशेबातून वगळाव्यात.

शेवटी हेड आणि शाफ्टची पॉवर टेस्ट बेंचवरील आकड्यांशी ताडून पाहावी. खडबडीतपणाचे मूल्य जुळवायचे असेल, तर ते एकाच डिस्चार्जवर जुळवावे आणि तेच मूल्य न बदलता उरलेले बिंदू तपासावेत.