पुरुमेंताचा हिशेब आणि घरातली अडगळ

मे महिना सरत आला की गोव्यातल्या पुष्कळ घरांत अजूनही एक यादी होते. सुक्या मिरच्या, आमसुले, मीठ, कांदे, डाळी, नारळ आणि मासे खाणाऱ्यांच्या घरी सुके बांगडे व सुंगटे (कोळंबी) असा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा साठा तिच्यात मांडलेला असतो. या साठ्याला आपण पुरुमेंत म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘प्रोव्हिमेंतु’ या तरतूदवाचक शब्दावरून आला आहे. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या परिसरात भरणारे पुरुमेंताचे फेस्त, म्हणजे जत्रा, किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या दिवसांत पाहिला, तर माणसे किती विचारपूर्वक खरेदी करू शकतात हे ध्यानात येते. घरात खाणारी माणसे किती, पाऊस किती महिने, भरण्या किती आणि गेल्या वर्षीचे काय उरले, एवढ्या चार गोष्टी ठाऊक असल्याशिवाय कोणी जाणती गृहिणी मिरचीचे वजन सांगत नाही.

फोंड्याच्या आमच्या घरातील माळा काही वर्षांपूर्वी रिकामा केला, तेव्हा झाकण नसलेले सोळा डबे, तीन इस्त्र्या आणि कधीही न उघडलेले दोन डिनर सेट निघाले. मिरचीचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवणाऱ्या घराने डब्यांचा हिशेब कधीच ठेवला नव्हता. अडगळ आवरण्यात मी पुष्कळ रविवार घालवले आहेत आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, आवरण्याचे काम घरात करण्यापेक्षा दुकानात करणे फार सोपे असते.

त्यासाठी पहिली सवय जागेची लावून घ्यावी. वस्तू विकत घेण्याआधी ती घरात नेमकी कोठे राहणार हे ठरवावे आणि ती जागा डोळ्यांसमोर आणावी. ‘कोठेतरी ठेवू’ हे उत्तर आले, तर ती वस्तू घेऊ नये. गोव्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या महिन्यांत हवा इतकी दमट असते की भिंतीला चिकटून ठेवलेली चामड्याची पिशवी, कोंबून भरलेले कपडे आणि थरांनी रचलेली पुस्तके यांच्यावर बुरशी धरतेच, तर पुठ्ठ्याच्या खोक्यांत वाळवी लागण्याची भीती असते. म्हणून वस्तूची जागा ठरवताना तिच्याभोवती हवा खेळण्यासाठी मोकळी राहणारी जागाही त्यातच धरावी. कपाट पूर्ण भरले म्हणजे त्याची क्षमता संपली असे न समजता, ते तीन चतुर्थांश भरले की संपली असे समजावे. हा नियम पाळला तर कपड्यांची निम्मी खरेदी आपोआप थांबते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी सवय थांबण्याची. स्वयंपाकघरात एक साधी वही ठेवावी आणि मनात भरलेली वस्तू, तिची किंमत व तारीख तीत लिहावी. लहान वस्तूसाठी तीन दिवस आणि मिक्सर, खुर्ची किंवा फोन यांसारख्या मोठ्या वस्तूसाठी तीस दिवस थांबावे. मुदत संपल्यावर वही उघडली असता कित्येक नोंदी आपल्यालाच अनोळखी वाटतात. ऑनलाइन खरेदीत हे थांबणे अधिक कठीण जाते, कारण ‘शेवटचे दोन नग शिल्लक’ अशा सूचना नेमक्या त्याच वेळी घाई लावतात. अशी खोटी घाई निर्माण करणे आणि ग्राहकाच्या नकळत त्याच्या यादीत जादा वस्तू घालणे, या दोन्ही युक्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या प्रकारांमध्ये गणल्या आहेत. कायद्याचा आधार आहेच. तरीही फोनमध्ये साठवलेला कार्डाचा तपशील काढून टाकणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण पाकीट शोधण्यासाठी उठावे लागले की विचाराला अवधी मिळतो.

चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, खरेदी हा आपल्याकडे स्वतंत्र विषय आहे. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट वर्षानुवर्षे तीच असते आणि तिला बांधायची फळे, कंदमुळे, रानातील पाने व फुले दर वर्षी ताजी येतात. उत्सव संपल्यावर त्यातील काही खाल्ले जाते, उरलेले मातीत जाते आणि माळ्यावर केवळ चौकट परतते. मखराचेही असेच करता येते. घडी होणारी लाकडी किंवा बांबूची एक चौकट करून घ्यावी आणि सजावट फुलांची व कापडाची ठेवावी. श्रावणात एक दिवस काढून गेल्या वर्षीच्या माळा, दिवे आणि पडदे तपासावेत, विजेचे दिवे लावून पाहावेत आणि मगच बाजाराची यादी करावी. हा क्रम उलटा झाला की घरात दिव्यांच्या माळांची चौथी पिशवी येते.

आपण न घेतलेल्या वस्तूही घरात येतातच. हळदीकुंकवाचे वाण म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या आणि स्टीलच्या वाट्या नाकारणे शिष्टाचारात बसत नाही, आणि देणाऱ्या बाईचे मन दुखवावे असे मी सांगणारही नाही. आपल्या घरचे वाण मात्र आपल्या हाती असते. आमच्याकडे गेली काही वर्षे आमसुले, गूळ किंवा काजूगर कागदी पुडीतून दिले जातात आणि आता शेजारच्या दोन घरांतूनही तसेच वाण येऊ लागले आहे. लग्नाच्या आहेराबद्दल जवळच्या नातेवाइकांना ‘काय हवे आहे?’ असे सरळ विचारावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

दसरा झाला आणि उन्हे पडली की कपाटे उघडून कपडे व अंथरुणे वाळत घालावीत. त्याच वेळी वही जवळ घेऊन, पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकदाही हात न लागलेल्या वस्तूंची नावे शेवटच्या पानावर लिहावीत. ते पान फाडून पिशवीत ठेवावे आणि दिवाळीच्या खरेदीला निघताना ते बरोबर न्यावे.