बार्लीवाचून बिअर: घरची रेसिपी ग्लूटेनमुक्त कशी करावी

बहिणीला सीलिॲकचे (गहू-बार्लीतले ग्लूटेन हे प्रथिन न सोसण्याच्या आजाराचे) निदान झाले आणि माझी पेल एल या फिकट बिअरची ठरलेली रेसिपी मला पहिल्यापासून मांडावी लागली. धान्य बदलले की झाले, असे वाटले होते. पण बार्ली एकटी चार कामे करते: स्टार्च देते, त्याची साखर करणारी एन्झाइम्स देते, सालीची गाळणी देते आणि यीस्टला नायट्रोजन पुरवते. ती काढली की या चारही कामांना दुसरे कोणीतरी शोधावे लागते.

(अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करायची मुभा मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करता येत नाही.)

आधी भांडी. प्लॅस्टिकची बादली आणि नळी नवीनच घ्या, ओरखड्यांत जुनी बार्ली राहते. एन्झाइम घालून 'ग्लूटेन कमी केलेली' बार्लीची बिअर सीलिॲकच्या माणसाला देऊ नका. त्या एन्झाइमने प्रथिनांचे तुकडे होतात, पण आंबवलेल्या पेयात ते किती उरले हे चाचणीत खात्रीने मोजता येत नाही.

पहिल्या खेपेला ज्वारीचे सिरप वापरा. २० लिटरच्या रेसिपीत ५ किलो बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) असेल, तर साधारण पावणेचार किलो सिरप लागते. मी सव्वातीन किलो सिरप आणि अर्धा किलो मध घेते, कारण नुसत्या सिरपला धातूसारखी आंबटसर चव येते. बिअरला दाटपणा यावा म्हणून मक्याचे माल्टोडेक्स्ट्रिन पाव किलो.

तासभर उकळा. सिरप तळाला लागते, ढवळत राहा. कडवटपणासाठीचे हॉप्स (बिअरला कडू चव आणि वास देणारी फुले) पाचव्या हिश्श्याने कमी करा, इथे कडूपणा जास्त टोचतो. शेवटच्या दहा मिनिटांत कॅस्केड जातीचे हॉप्स आणि यीस्टचे पोषकद्रव्य घाला. हे पोषकद्रव्य चुकवू नका, नाहीतर आंबणे मध्येच रेंगाळते.

यीस्ट कोरडे घ्या आणि पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिलेले पाहा; द्रव यीस्ट बहुधा बार्लीच्या काढ्यात वाढवलेले असते. १८ ते २० अंशांवर दोन आठवडे. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा तीन दिवस हलला नाही, तरच लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरा. घाई केली तर बाटली फुटते.

हात बसला की ज्वारीचा माल्ट घरी करा. नाचणी सत्त्वासाठी करतो तसेच: भिजवणे, फडक्यात मोड आणणे, वाळवणे. मात्र वाळल्यावर मोड आणि मुळ्या चोळून पूर्ण काढून टाका. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना किरळ लागते, ते सायनाइडचे विष या मोडांतही असते.

खरी मेख पुढे आहे. ज्वारीचा स्टार्च सत्तर अंशांच्या आसपास फुलतो आणि तेवढ्या उष्णतेत तिची स्वतःची एन्झाइम्स मरतात. म्हणून माल्टची भरड ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, वरचे निवळ पाणी काढून बाजूला ठेवा. एन्झाइम्स त्यात आहेत. खालचा लगदा शिजवा, ६५ अंशांवर येऊ द्या, मग ते पाणी परत ओता. ज्वारीला साल नसल्याने गाळताना स्वच्छ धुतलेली भाताची तुसे मिसळा. पण गाळण्याआधी, पाणी परत ओतल्यावर तासाभराने चमचाभर काढा बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, आणखी अर्धा तास थांबा.