भट्टीवरचा खवा: दूध पारखण्यापासून डबा भरण्यापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंब या बालाघाटाच्या पट्ट्यात दूध आटवून खवा करणं हा जुना जोडधंदा आहे. कुंथलगिरीला येणारा यात्रेकरू खवा-पेढा घेतल्याशिवाय परतत नाही, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर इथल्या भट्ट्या पहाटेपासून पेटलेल्या असतात. घरी चार जनावरं आहेत, डेअरीचा दर परवडत नाही आणि खवा करून विकायचा विचार आहे, अशांसाठी ही माहिती आहे.

खव्यात घालायचं काहीच नसतं, दुधातलं पाणी तेवढं काढायचं असतं. त्यामुळे दुधातला दोष झाकायला काहीही हाताशी नसतं. खवा बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: दूध निवडताना आणि शेवटच्या दहा मिनिटांत. मधला वेळ नुसता कष्टाचा आहे.

दूध

धार काढल्यापासून दोन-तीन तासांत दूध कढईत पडलं पाहिजे. उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध न थंड करता सकाळपर्यंत ठेवलं, तर ते वरून चांगलं दिसतं पण आच लागताच फाटतं. म्हणून प्रत्येक कॅनमधलं पळीभर दूध आधी वेगळं उकळून बघा. कडेला बारीक कण दिसले तरी तो कॅन खव्याला घेऊ नका. चार लिटर चांगल्या दुधात अर्धा लिटर आंबूस दूध मिसळलं की सगळा घाणा वाया जातो.

आंबूस दूध सावरायला खायचा सोडा टाकणारे लोक आहेत. सोड्याने दूध फाटत नाही हे खरं, पण खवा लालसर होतो, जिभेवर साबणासारखी चव राहते, आणि दुधात असा सोडा घालायला कायद्याने बंदी आहे. असं दूध सरळ बाजूला काढा.

नुकत्याच व्यालेल्या जनावराचं चिकाचं दूध, भाकड होत आलेल्या जनावराचं दूध आणि दगडी (कासेची सूज) झालेल्या सडाचं दूध वेगळं ठेवा. चिकाचं दूध तापताच गोळा होतं. बाकी दोन्हींत क्षार वाढलेले असतात. दूध पिताना ते फारसं जाणवत नाही, पण पाच लिटरचा एक किलो झाला की खारटपणाही पाचपट होतो. गिऱ्हाईक म्हणतं, खव्यात मीठ घातलंय का.

म्हशीचं दूध खव्याला उत्तम. ६ टक्के फॅट (स्निग्धांश) आणि ९ टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असलेल्या एका लिटरमधून साधारण २०० ते २२० ग्रॅम खवा पडतो. गाईच्या दुधातून १७० ते १९० ग्रॅम. गाईचा खवा पिवळसर, थोडा चिकट आणि ओलसर राहतो.

इथे एक हिशोब नीट लक्षात घ्या, कारण तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. नियमानुसार खव्यातल्या कोरड्या घटकांपैकी किमान ३० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असेल तर एकूण घटक १२ झाले, त्यात स्निग्धांश २९ टक्के. म्हणजे एक थेंबही भेसळ न करता तुमचा खवा नमुना तपासणीत नापास होऊ शकतो. संकरित गाईंचं दूध बऱ्याचदा याच आकड्यांत असतं. उपाय सोपा आहे. असं चार लिटर गाईचं दूध आणि एक लिटर म्हशीचं दूध मिसळलं की फॅट ४ आणि एसएनएफ ८.६ होतं, स्निग्धांश ३१ टक्क्यांच्या वर जातो. उलट बाजूने, म्हशीच्या दुधावरची साय आधी काढून तूप करायचं आणि उरलेल्या दुधाचा खवा विकायचा, हा मोह टाळा. असा खवा कोरडा, रबरासारखा होतो आणि पेढ्याला चिरा पडतात.

कढई, उलथणं आणि जाळ

जाड बुडाची, उथळ आणि रुंद तोंडाची लोखंडी कढई घ्या. खोल पातेल्यात वाफ निघायला जागा कमी मिळते आणि हात बुडापर्यंत नीट पोचत नाही. कढई अर्ध्यापेक्षा जास्त भरायची नाही, कारण पहिल्या उकळीला दूध वर येतंच. कल्हई गेलेलं पितळेचं किंवा तांब्याचं भांडं अजिबात नको. तांब्याच्या संपर्काने स्निग्धांश लवकर खवट होतो.

उलथण्याची धार सपाट आणि कढईच्या गोलाईला बसणारी हवी. टोकदार उलथण्याने रेघा ओढल्यासारख्या होतात आणि दोन रेघांच्या मधलं दूध करपतं.

एका घाण्याला ४ ते ५ लिटर दूध पुरे. मोठ्या भट्टीवर एवढ्या दुधाला अर्धा तास, फार तर पाऊण तास लागतो. घरच्या गॅस शेगडीवर मात्र एका वेळी २ लिटरच घ्या, त्यालाही पाऊण ते एक तास जातो. पाच लिटर दूध लहान शेगडीवर दोन-दोन तास रटरटत ठेवलं की खव्याचा रंग तांबूस होतो आणि शिजकट वास येतो. पांढरा खवा हवा तर आटवणं झटपट झालं पाहिजे.

लाकूड वापरत असाल तर बाभळीचं वाळलेलं घ्या. ओल्या लाकडाचा धूर दुधात सरळ उतरतो. भट्टीचं तोंड वाऱ्याच्या दिशेला नको आणि धुराडं भट्टीच्या वर निघालेलं हवं.

आटवणं

दूध गाळून कढईत ओता आणि जाळ मोठा करा. उकळी येईपर्यंत हलकं ढवळलं तरी चालतं. उकळी फुटली की मात्र उलथणं थांबता कामा नये. एक हात बुडातून पूर्ण फेरा मारायचा, मग कडेला चिकटलेली साय खरवडून परत दुधात ढकलायची, की पुन्हा बुड. कडेची साय तशीच राहिली तर ती वाळते, नंतर खव्यात तिचे कडक पापुद्रे सापडतात.

दूध मूळच्या साधारण पाच हिश्श्यांपैकी दोन हिश्श्यांवर आलं की एक बदल दिसतो. इतका वेळ पातळ असलेलं दूध बघता बघता घट्ट होतं, रंग किंचित बदलतो आणि उलथण्यावरून ओघळताना त्यात बारीक कण दिसतात. गाईच्या दुधात हा टप्पा थोडा उशिरा येतो. इथून पुढे जाळ निम्म्यावर आणा. लाकडाची भट्टी असेल तर दोन लाकडं बाहेर ओढा. बहुतेकांचा खवा करपतो तो इथे जाळ तसाच ठेवल्यामुळे. दुधात पाणी भरपूर असतं तेव्हा ते बुडाला थंड ठेवतं, पाणी सरलं की तीच आच घन भागाला लागते.

आता हाताचा वेग वाढवा. घट्ट दूध फदफदायला लागतं, त्याचे चटके मनगटावर बसतात, म्हणून लांब दांड्याचं उलथणं आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. हळूहळू सगळा ऐवज कढईच्या कडा सोडून मध्यभागी गोळा व्हायला लागतो. उलथणं उचललं की त्याच्या मागे खवा ओढला जातो आणि तुटतो, बुड स्वच्छ दिसतं, गोळ्याच्या कडेला तुपाची बारीक चकाकी येते. चिमूटभर खवा बोटांत घेऊन वळा. बोटाला न चिकटता गोळी झाली की कढई लगेच उतरवा.

तूप सुटेपर्यंत थांबू नका. लोखंडी कढई उतरवल्यावरही बराच वेळ तापलेली असते आणि त्या उष्णतेवर खवा आणखी आटतो. म्हणून थोडं आधी उतरवून खाली पाच मिनिटं घोटत राहायचं. घोटून खवा मऊ आणि एकजीव होतो.

कुणाला कसा खवा

पेढा, बर्फी आणि खव्याच्या पोळीला घट्ट, कमी पाण्याचा पिंडी खवा लागतो, त्यात पाणी साधारण ३१ ते ३३ टक्के. गुलाबजाम करणारे धाप खवा मागतात, तो मऊ आणि ओला, पाणी ४० टक्क्यांच्या आसपास. तो हवा असेल तर गोळा पूर्ण जमण्याआधीच कढई उतरवायची. कलाकंदाला दाणेदार खवा लागतो. त्यासाठी दूध निम्मं आटल्यावर लिटरला अर्धा ग्रॅम लिंबूसत्त्व थोड्या पाण्यात विरघळवून सगळीकडे शिंपडतात आणि त्यानंतर उलथणं हळू चालवतात, म्हणजे दाणा मोडत नाही. चुकून आंबट झालेल्या दुधाचा खवा ‘दाणेदार’ म्हणून खपवू नका. त्याची आंबूस चव आणि कडक दाणा हलवायाला पहिल्या घासात कळतो.

ऑर्डर घेतानाच कशासाठी हवा ते विचारा. पेढेवाल्याला धाप खवा गेला की त्याला तो परत आटवावा लागतो, वजन घटतं आणि पुढची ऑर्डर येत नाही.

बिघाड ओळखायचा कसा

काळे-तपकिरी ठिपके दिसले तर ढवळताना बुडाला उलथणं लागायचं राहिलेलं आहे, नाहीतर आधीच्या घाण्याची खरवड कढईत राहिली होती. प्रत्येक घाण्यानंतर कढई गरम पाण्याने घासा. करडी झाक आली तर कढईला गंज आहे किंवा खवा कढईतच थंड होत ठेवला होता. चिकट आणि ओढला जाणारा खवा म्हणजे गाईचं दूध जास्त किंवा आटवणं अर्धवट. कडक, भरड दाणा म्हणजे दूध आंबट किंवा हात संथ. उतरवल्यावर खाली तूप साचलं तर जास्त वेळ आचेवर राहिला.

फिरत्या कढईचं खवा मशीन घेतलेल्यांनी एक गोष्ट रोज बघावी. खरवडणारी पट्टी झिजली की ती आणि कढई यांच्यात फट पडते, तिथे दुधाचा थर बसतो आणि करपतो. मोटर व्यवस्थित फिरते म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. पट्टी वेळेवर बदला.

थंड करणं आणि भरणं

आटताना दुधातले बहुतेक जंतू मरतात. बुरशी येते ती नंतर, हातातून, ओल्या फडक्यातून, उघड्या परातीतून. खवा परातीत पसरून पंख्याखाली तासभर ठेवायची सवय मोडा. घोटून झाला की गरम असतानाच, कोरड्या स्टीलच्या चमच्याने, उकळून वाळवलेल्या स्टीलच्या डब्यात दाबून भरा. मध्ये हवेची पोकळी राहू देऊ नका. वाफ निवेपर्यंत स्वच्छ कोरडं कापड झाका, मग झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. गरमागरम डब्याला घट्ट झाकण लावलं तर आत पाणी सुटतं आणि तेच बुरशीला पुरतं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेल्या खव्यावर एक दिवसापेक्षा जास्त भरवसा ठेवू नका. हिवाळ्यात पिंडी खवा दोन-तीन दिवस जातो. ४-५ अंशांवर आठ ते दहा दिवस, आणि डीप फ्रीजमध्ये काही महिने. धाप खव्याची मुदत याहून कमी. किरकोळ विक्रीला वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, शाई तुपात उतरते. बटर पेपर घ्या.

भाव

भाव लिटरवरून काढा, शेजारच्या भट्टीवरून नको. समजा म्हशीचं दूध ६० रुपये लिटर आहे. किलोला पाच लिटर धरले तर दुधाचेच ३०० रुपये. पाच लिटरमधलं चार किलोच्या आसपास पाणी उडवायला ४०० ते ५०० ग्रॅम गॅस जातो, त्याचे ४५ रुपये धरा. मजुरी, पॅकिंग आणि फ्रीजचं बिल मिळून ३५. म्हणजे ३८० रुपयांना तो किलो तुमच्या घरातच पडला. यात घरच्या बाईचं राबणं मोफत धरू नका. बहुतेक घरांत कढईसमोर तीच उभी असते, आणि तिचा रोज न धरल्यामुळेच धंदा फायद्यात दिसतो.

कमी भावात विकणारा भेटला तर पाण्याचा हिशोब करा. ३२ टक्के पाण्याच्या एक किलो खव्यात ६८० ग्रॅम घन भाग असतो. तेवढ्याच घन भागाचा ४२ टक्के पाण्याचा खवा केला तर तो १,१७० ग्रॅम भरतो. म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम पाणी खव्याच्या भावाने विकलं गेलं. हलवायाला ही आकडेमोड समजावून सांगा, त्याला ती पटते, कारण आटवताना त्याचाच गॅस जळतो.

सणाच्या दिवसांत भेसळीच्या बातम्या येतात आणि गिऱ्हाईक चांगल्या खव्याकडेही संशयाने बघतं. त्यासाठी दुकानात आयोडीनची बाटली ठेवा. हरभऱ्याएवढा खवा थोड्या पाण्यात उकळायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. निळा रंग आला तर त्यात स्टार्च, म्हणजे पीठ किंवा बटाटा आहे. गरम असताना थेंब टाकले तर पीठ असूनही निळा रंग दिसत नाही, म्हणून घाई करू नका. ही तपासणी गिऱ्हाइकाच्या हातानेच करून घ्या.

विक्री सुरू करण्याआधी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. डब्यावर नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख, वापरायची मुदत, वजन आणि दूध गाईचं, म्हशीचं की मिश्र ते लिहा. पुण्याला किंवा संभाजीनगरला माल पाठवायचा असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये पूर्ण गार झालेला डबाच थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या पिशव्यांसह, रात्रीच्या गाडीने पाठवा. सकाळी केलेला कोमट खवा दुपारच्या गाडीत टाकला तर पोचेपर्यंत त्याला आंबूस वास धरलेला असतो.