'बूप-बूप-अ-डूप'वाली हेलन केन: शंभर वर्षांपूर्वीची गाणी शोधावीत कशी, ऐकावीत कशी

टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, रिक्षाच्या मागच्या काचेवरसुद्धा कार्टूनमधली बेटी बूप आपण पाहिलेली असते. मोठे डोळे, कपाळावर कुरळ्या बटा आणि तोंडी 'बूप-बूप-अ-डूप'. हा लाडिक बोल अमेरिकेत घरोघरी पोचवणारी गायिका होती हेलन केन. तिचा जन्म 1904 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. माहेरचं आडनाव श्रोडर. आज ती बहुतेकांच्या कानावर पडते ती रीलमधल्या दहा सेकंदांपुरती, आणि त्या दहा सेकंदांत नेमका तो बोलच असतो. बाकीचं गाणं कापलेलं असतं. माझ्या मते खरी मजा त्या कापलेल्या भागात आहे.

1928 ते 1930 या काळात तिने व्हिक्टर या ग्रामोफोन तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी वीसेक गाणी गायली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत, म्हणजे सगळा ऐवज तासाभराचा. एवढं काम रविवारच्या एका दुपारी ऐकून होतं. फक्त त्याआधी थोडी निवडानिवड करावी लागते.

आधी यादी, मग गाणी

यूट्यूबवर नाव टाकून जे वर येईल ते ऐकायला लागू नका. आधी यादी हातात घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने 'डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज' नावाची सूची इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. तिथे रोमन लिपीत गायिकेचं नाव टाकलं की प्रत्येक गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची तारीख, ठिकाण, मॅट्रिक्स क्रमांक आणि कितवा टेक (म्हणजे कितव्यांदा गायलेलं मुद्रण) बाजारात आला ही माहिती मिळते. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा क्रमांक; लेबलवर ठळक छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक. दोन्ही उतरवून घ्या. उदाहरणार्थ, तिचं सर्वांत गाजलेलं 'आय वॉना बी लव्हड बाय यू' 20 सप्टेंबर 1928 रोजी मुद्रित झालं आणि व्हिक्टर 21684 या तबकडीवर निघालं. 'गुड बॉय' नावाच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकात ती ते गात असे.

यादी झाली की त्याच क्रमांकांनी इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहात शोधा. तिथे अनेकदा लेबलचा फोटोही जोडलेला असतो, तो मोठा करून क्रमांक जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढची निम्मी गफलत इथेच टळते.

नकलांपासून सावध

हेलन केन चालली म्हटल्यावर तिच्यासारखं गाणाऱ्यांचं पीक आलं. त्यात साध्या नकलाकार होत्या, तशा मोठ्या गायिकाही होत्या. अॅनेट हॅन्शॉ ही त्या काळची अतिशय सुरेल गायिका. तिने स्वस्तातल्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी डॉट डेअर आणि पॅट्सी यंग अशी खोटी नावं घेऊन हेलन केनच्या ढंगात गाणी म्हटली. (हॅन्शॉचा आवाज आपल्याकडच्या काहींच्या ओळखीचा असेल: रामायणावर बेतलेल्या 'सीता सिंग्ज द ब्लूज' या 2008च्या अॅनिमेशनपटात सीतेच्या तोंडी तिचीच जुनी ध्वनिमुद्रणं वापरली आहेत.) मे क्वेस्टेल, जी पुढे बेटी बूपचा आवाज म्हणून प्रसिद्ध झाली, ती तर हेलन केनची नक्कल करण्याची स्पर्धा जिंकूनच पुढे आली होती. या सगळ्यांची गाणी इंटरनेटवर बिनदिक्कत हेलन केनच्या नावावर खपतात. शंका आली की आपली यादी काढायची. गाणं यादीत नसेल तर ते बाजूला ठेवायचं.

दुसरा एक घोळ तिच्या स्वतःच्याच आवाजाचा आहे. 1950 साली 'थ्री लिटल वर्ड्स' हा चित्रपट आला. त्यात हेलन केनची भूमिका डेबी रेनॉल्ड्सने केली, पण गाताना नुसते ओठ हलवले. आवाज पंचेचाळिशीतल्या खुद्द हेलन केनचा होता. त्यामुळे 'आय वॉना बी लव्हड बाय यू'ची तिची दोन मुद्रणं फिरत असतात. खरखर नसलेलं, गुळगुळीत वाद्यमेळाचं मुद्रण मिळालं तर ते बहुधा 1950चं समजा. दोन्ही लागोपाठ ऐका, मात्र पहिली ओळख 1928च्या मुद्रणाने करून घ्या.

वेग बघा

जुन्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेत. घरी डिजिटल करताना वेग थोडा जरी चुकला तरी सूर हलतो: वेग 6 टक्क्यांनी वाढला की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतं. एखादा भरदार पुरुषी आवाज असा चढला तर लगेच कळतं. हेलन केनचा आवाज मुळातच लहान मुलीसारखा पातळ, त्यामुळे चूक पचून जाते आणि 'किती चिरकी गायची बाई!' म्हणून आपण मोकळे होतो. उपाय सोपा आहे. एकाच मुद्रणाच्या दोन-तीन प्रती काढा आणि लांबी ताडून पाहा. तीन मिनिटांच्या गाण्यात 6 टक्के म्हणजे दहाएक सेकंदांचा फरक. मग गायिकेला सोडून मागची वाद्यं ऐका. ट्रम्पेट खेळण्यातल्या पिपाणीसारखा वाजत असेल तर ती प्रत टाकून द्या.

खरखरीचंही तसंच. 'रिमास्टर्ड' असं लिहिलेल्या प्रतींत खरखर इतकी घासून काढलेली असते की सोबत 'स', 'ट', 'प' ही व्यंजनंही जातात, आणि हिचा सगळा खेळ व्यंजनांवर. थोडी खरखर असलेली प्रत निवडा.

ऐकताना

1925पर्यंत गायक भोंग्यासमोर उभा राहून मोठ्याने गायचा. मग मायक्रोफोन आला आणि कुजबुज, उसासा, लाडिक हेल हे सगळं तबकडीवर उतरू लागलं. हेलन केन रंगमंचावर वाढलेली, पण तबकडीवरची तिची जवळीक ही मायक्रोफोनची देणगी आहे.

सुरुवात 'दॅट्स माय वीकनेस नाऊ'ने करा. टाइम्स स्क्वेअरच्या पॅरामाउंट थिएटरात हेच गाणं म्हणताना तिने मध्येच तो निरर्थक बोल घुसडला आणि गाजली. त्यानंतर 'आय वॉना बी लव्हड बाय यू' घ्या. पहिल्यांदा ऐकताना बूप-बूपकडे लक्षच देऊ नका. गाण्याच्या मधल्या भागात आकांक्षा, अभिलाषा असे भारदस्त शब्द एकापुढे एक यमक जुळवत येतात आणि ती ते बोबड्या, ब्राँक्सच्या गल्लीतल्या उच्चारात, पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखी म्हणते. शब्द मोठ्या बाईचे, आवाज बालवाडीतला. विनोद तिथे होतो. बूप ही नुसती त्यानंतरची टाळी. दुसऱ्यांदा ऐकताना ताल धरा. वाद्यमेळ सरळ चालतो आणि ती शब्द जरासा उशिरा टाकते किंवा मध्येच तोडते. हे जमायला लय पक्की लागते.

त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला 'इज देअर एनीथिंग राँग इन दॅट?' आहे. साळसूदपणे प्रश्न विचारून खोड्या काढायच्या, ही तिची दुसरी खासियत तिथे भेटते. 1929चं 'ही इज सो अनयूज्वल' शेवटी ठेवा. पॉप गायिका सिंडी लॉपरने 1983 साली आपल्या अल्बममध्ये त्याचा तुकडा गायला आणि अल्बमचं नावही त्यावरूनच बेतलं. मला स्वतःला 'आय वॉन्ट टू बी बॅड' सर्वांत आवडतं, पण ते आधी ऐकलंत तर बाकीची फिकी वाटतील.

एस्थरची बाजू

1930 साली 'डिझी डिशेस' या कार्टूनमध्ये बेटी बूप आली. ही आपलीच नक्कल आहे म्हणून हेलन केनने 1932 साली बेटी बूपचा निर्माता मॅक्स फ्लायशर आणि ती कार्टूनं वितरित करणारी पॅरामाउंट कंपनी यांच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला. 1934च्या सुनावणीत बचाव पक्षाने बेबी एस्थर या कृष्णवर्णीय बालकलाकाराच्या मॅनेजरला उभं केलं. केनच्या आधीपासून एस्थर असे बोल गात असे आणि केनने तिचा कार्यक्रम पाहिला होता, अशी साक्ष त्याने दिली. केन दावा हरली. एस्थरची तबकडी ऐकायला मिळत नाही, त्यामुळे आपल्या कानांनी निवाडा करायची सोय नाही. हेलन केन ऐकताना ही बाजू माहीत असू द्या.

खरी तबकडी हाती लागली तर

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्यांच्या चळती अजून दिसतात. व्हिक्टरची तबकडी मिळाली तर लेबलाभोवतीच्या मोकळ्या जागेवर उजेड तिरका पाडा. लंबगोलात 'व्हीई' ही अक्षरं कोरलेली असली तर ते मायक्रोफोनवरचं मुद्रण. या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख बरीचशी आपल्याच देशातून जाई. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसू नका. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, लेबल कोरडं ठेवून, मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा. एलपीची (पुढच्या काळातल्या, सावकाश फिरणाऱ्या तबकड्यांची) बारीक सुई इथे चालत नाही. ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसती घाण वाजवते. 78ची सुई वेगळी, तिच्या तीनेक पट जाड, मागून घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी पिन दर बाजूला नवी लावा.

यातून केलेली प्रत इंटरनेटवर टाकायची असेल तर हक्कांचं पाहा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, म्हणजे ही गाणी इथे केव्हाच मोकळी झाली. अमेरिकेत मात्र या काळातल्या मुद्रणांना शंभर वर्षांचं संरक्षण आहे. 1928ची गाणी तिथे 1 जानेवारी 2029ला खुली होतील. तोवर अमेरिकी संकेतस्थळाने तुमची फाइल उतरवली तर नवल नाही.