कॅमेरा बिघडलेला नाही! नवा कॅमेरा वापरताना या चुका टाळा

आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी निवृत्तीनंतर हौसेने मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला आणि चौथ्या दिवशी तो परत खोक्यात भरायला लागले. "डोळा लावला की सगळं धूसर दिसतं रे, पीस खराब निघाला." मी डोळा लावून पाहिला, मला लख्ख दिसत होतं. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कडेला नखाएवढं एक चाक असतं, डायऑप्टरचं. ते आपल्या चष्म्याच्या नंबरानुसार फिरवून घ्यायचं असतं. काकांनी चष्मा काढला, चाक चार-पाच टिचक्या फिरवलं आणि म्हणाले, "अरेच्चा, आकडे दिसायला लागले की!" फिरवताना समोरच्या दृश्याकडे नाही, आतल्या आकड्यांकडे बघायचं. ते चाक बॅगेत घासून आपोआपही फिरतं, तेव्हा अचानक धूसर दिसायला लागलं तर आधी तिथे बोट न्या.

मित्र-नातेवाइकांचे असे बरेच 'बिघडलेले' कॅमेरे माझ्या हाताखालून गेलेत. खरा बिघाड त्यात अगदी क्वचित सापडला.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती संध्याकाळच्या फोटोंची. वहिनी नाशिकच्या रामकुंडावरच्या आरतीला नवा कॅमेरा घेऊन गेल्या. दिवे छान आले, माणसं मात्र भुतासारखी फरफटलेली. वर त्यांचं म्हणणं, "याच्यापेक्षा माझा मोबाइल बरा!" त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. मोबाइल अंधारात एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम घेतो आणि जोडून एक फोटो देतो. कॅमेरा सहसा एकच फ्रेम घेतो, तिचा हिशोब आपण करायचा. वहिनींच्या फोटोची माहिती उघडली तर शटर स्पीड निघाला 1/15, म्हणजे शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं. एवढ्या वेळात आरती ओवाळणारा हात कुठल्या कुठे जातो. आणि हो, स्टॅबिलायझेशन फक्त आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरचा माणूस हलला तर त्याचा काही उपयोग नाही.

उपाय मेनूतच आहे. ऑटो आयएसओमध्ये (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) किमान शटर स्पीड ठरवता येतो, तो 1/125 ठेवा. घाटाच्या पायऱ्यांवर पोरं पळत असतील तर 1/500. आयएसओ 3200 किंवा 6400 वर गेला तरी घाबरू नका. थोडे दाणे दिसले तरी चालतं, हललेला चेहरा कशानेच दुरुस्त होत नाही. दुसरी गोष्ट, सोबत आलेल्या लेन्सवर बहुतेकदा 3.5-5.6 असं काहीसं लिहिलेलं असतं. हा लेन्सच्या भोकाचा आकडा, तो वाढला की उजेड कमी. पूर्ण झूम केला की अशी लेन्स 5.6 वर जाते आणि आत येणारा प्रकाश जवळजवळ अडीच पटींनी कमी होतो. म्हणून अंधार पडल्यावर झूम करू नका, दोन पायऱ्या उतरून पुढे जा.

दुसरी गंमत काळाराम मंदिराची. बाहेरून फोटो काढला की काळ्या पाषाणाचं देऊळ राखाडी, सिमेंटचं वाटतं. कॅमेऱ्याला काय ठाऊक की दगड मुळातच काळा आहे? त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो फोटो उजळ करतो. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर उलटं होतं: पाणी दुधासारखं फेसाळलेलं, पण फोटोत मळकं. अधिक-उणे चिन्हाचं बटण याच्यासाठीच आहे. काळ्या दगडाला उणे 1, पांढऱ्या पाण्याला अधिक 1, मग फोटो बघून थोडं इकडेतिकडे. माझ्या मते नवशिक्याने मॅन्युअल मोडच्या मागे लागण्याआधी हे एवढं एकच बटण शिकावं.

"बटण दाबलं की उशिरा फोटो निघतो" असं वाटत असेल, तर तुम्ही बटण एका दमात खाली दाबताय. आधी अर्धं दाबून फोकस धरा, हवा तो क्षण आला की उरलेलं दाबा.

लग्नात फोटोंवर आडवे काळपट पट्टे येतात, तेही असंच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे लॉन्समधले बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, पण आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं. मेकॅनिकल शटर लावा आणि स्पीड 1/100 किंवा 1/50 ठेवा.

मेमरी कार्डाबाबत दुकानदाराने मलाही एकदा टोपी घातलीय. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग सहसा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. व्हिडिओ मध्येच बंद पडत असेल किंवा पाच-दहा फोटो सलग काढल्यावर कॅमेरा अडकत असेल, तर कार्डावर व्ही30 लिहिलंय का पाहा. म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी. कार्ड फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच करायचं.

बॅटरीचं रडगाणं थोडक्यात: मिररलेसला एका चार्जिंगमध्ये साधारण 300-400 फोटो ही रीतच आहे. ब्लूटूथ बंद ठेवा, दुसरी बॅटरी घ्या.

आता पावसाळा. जुलैत अंजनेरीला जाताना गाडीत एसी लावून कॅमेरा मांडीवर, आणि पायथ्याशी उतरल्या उतरल्या बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरलंच. पुसू नका, लेन्स तर मुळीच उघडू नका. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. घरी आल्यावर ओली बॅग कपाटात कोंबली की श्रावण संपेपर्यंत लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसायला लागते. कॅमेरा पुसून, वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पुड्या ओल धरतात, त्या बदलायला विसरू नका. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकलात तर उत्तम, आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये असावा.

रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदावर, कॅमेरा न्यायचा मोह मलाही आवरत नाही. तिवंध्याच्या रहाडीत कुणी धप्पा मारला, म्हणजे उडी घेतली, की पाणी थेट तुमच्यापर्यंत येतं, आणि 'वेदर सील' म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. लेन्स घरूनच लावून निघा, तिथे बदलू नका. कॅमेऱ्यावर रेनकव्हर, लेन्सवर साधा फिल्टर. परतल्यावर कोरडा रंग तोंडाने फुंकू नका, थुंकी उडून त्याचा चिखल होतो. रबरी ब्लोअरने आधी रंग उडवा, मग मऊ कापडाने पुसा. आणि कॅमेऱ्याला हात लावण्याआधी स्वतः आंघोळ करा, नाहीतर तोच रंग हातांवरून पुन्हा कॅमेऱ्यावर.